फौजेतले फुटबॉलवाले: खरे किती आणि कागदावरचे किती?

अमळनेर_पीटी

राम राम मंडळी. २९ ऑगस्टच्या क्रीडा दिनासाठी शाळेत एक फलक लावायचा आहे, सहा फूट बाय चार फूट. मेजर ध्यानचंद फौजेतले, त्यामुळे हॉकी दरवर्षी होते. यंदा विषय फुटबॉल: वरच्या पातळीवर खेळलेले किंवा प्रशिक्षक झालेले आणि सैन्यात नोकरी केलेले लोक. बारा नावं बसतील, प्रत्येकी चार ओळी.

अडचण अशी की व्हॉट्सॲपवर फिरणारी जी यादी हाती आली आहे तिच्यात नुसता काला झालाय. पुश्काश, पेले, ट्राउटमान, कोरियाचा सोन, सुनील छेत्री, आर्सेनल क्लब, बीएसएफ, सगळे एकाच मथळ्याखाली. यातलं खरं कोण, नावापुरतं कोण? भारतीय नावं कोणती घ्यावीत? प्रशिक्षकांत कोणी आहे का?

आणि फलक लागला की पालक विचारणारच, 'मंग सर, आमचा पोऱ्या कसा जाईल?' पोरं आठवी-नववीची आहेत, जळगाव-धुळे-नंदुरबारकडची. त्याचंही नेमकं उत्तर हवं. 'मेहनत करा' हे आम्हीही सांगतो.

---

तापीकाठचा_गोली

सर, पहिलं नाव पीटर थंगराज. बाकी अकरा कोणतीही घ्या.

मूळचा हैदराबादकडचा. सिकंदराबादच्या मॉर्निंग स्टार आणि फ्रेंड्स युनियन या क्लबांकडून खेळायचा, तोही सेंटर फॉरवर्ड म्हणून. १९५३ मध्ये मद्रास रेजिमेंटल सेंटरमध्ये भरती झाला आणि तिथे त्याला गोलमध्ये उभं केलं गेलं. म्हणजे भारताचा सर्वांत गाजलेला गोलरक्षक फौजेने घडवला, असं म्हणायला इथे खरोखर जागा आहे. त्याच सेंटरच्या संघाने १९५५ आणि १९५८ मध्ये ड्युरँड कप (देशातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा) जिंकला. थंगराज १९५६ च्या मेलबर्न आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात होता. १९५८ मध्ये त्याला आशियातला उत्कृष्ट गोलरक्षक म्हणून गौरवलं गेलं. सर्व्हिसेसने (तिन्ही दलांच्या निवडक संघाने) संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, पहिल्यांदा जिंकली ती १९६०-६१ मध्ये, त्याच्याच कप्तानीखाली.

इथे एक चूक हमखास होते. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण (अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २-१) बरेच जण त्याच्या फौजी खात्यात टाकतात. तोवर तो कोलकात्यात मोहम्मडन स्पोर्टिंगकडे गेला होता. पुढे मोहन बागान, मग ईस्ट बंगाल. अर्जुन पुरस्कार १९६७ चा. चार ओळींत दोन भाग करा: आधी फौज, मग कोलकाता.

दुसरा गट गुरखा ब्रिगेडचा. या संघाने ड्युरँड दोनदा जिंकला, १९६६ आणि १९६९ मध्ये. श्याम थापा आणि अमर बहादूर दोघे या संघाकडून खेळले, आणि १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवणाऱ्या भारतीय संघातही दोघे होते. श्याम थापा पुढे मुंबईच्या मफतलालकडे आणि मग कोलकात्याला गेला. लोकांना आठवते ती त्याची मोहन बागानसाठी मारलेली बायसिकल किक. सुरुवातीची वर्दी कोणी सांगत नाही.

सुनील छेत्रीचं नाव फलकावरून काढा. फौजेत होते त्याचे वडील, ईएमई कोअरमध्ये (यंत्रदुरुस्तीची शाखा), आणि ते तिथल्या संघाकडून खेळायचे. सुनील स्वतः कधीच भरती झाला नाही. 'फौजी घरातला' अशी वेगळी ओळ करायची असेल तर करा.

फौजी संघांची रचनाही एका ओळीत टाका, नाहीतर पोरं गोंधळतात. रेजिमेंटल सेंटर म्हणजे जिथे रंगरूट तयार होतात ती जागा. तिचा स्वतःचा संघ असतो. त्यावर आर्मीचा निवडक संघ. आणि भूदल, नौदल, हवाईदल तिघांमधून निवडलेला संघ म्हणजे 'सर्व्हिसेस', जो संतोष ट्रॉफीत एखाद्या राज्यासारखा उतरतो. २०२३-२४ मध्ये गोव्याला १-० हरवून सर्व्हिसेसने सातवं विजेतेपद घेतलं. एवढी विजेतेपदं का? राज्यांचे संघ स्पर्धेच्या तोंडावर शिबिर लावून जुळवतात आणि त्यांचे चांगले खेळाडू आयएसएल या व्यावसायिक लीगचे क्लब अडकवून ठेवतात. फौजेची पोरं वर्षभर एकाच छताखाली असतात, एकाच मेसमध्ये जेवतात. मधली फळी कोण कुठे पळणार हे न बघता पास देते. उलट बाजूही आहे: युनिट हललं की बदलीचा कागद येतो, आणि अर्धा संघ पुन्हा बांधावा लागतो.

---

सेंटरहाफ_५

परदेशी नावांसाठी चार खण करा: महायुद्धात लढलेले, सक्तीची ठरावीक मुदत भरलेले, फौजी क्लबात नोंदवलेले, आणि नुसतं नाव फौजी असलेले. तुमच्या यादीतला काला सुटतो.

महायुद्धवाल्यांत पहिला वॉल्टर टल. टॉटनहॅम आणि नंतर नॉर्दॅम्प्टनचा खेळाडू. डिसेंबर १९१४ मध्ये लंडनच्या फुलहॅम टाउन हॉलमध्ये 'फुटबॉलर्स बटालियन' उभी राहिली, म्हणजे मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी बटालियन. टल तिच्यात शिपाई म्हणून गेला आणि १९१७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाला. त्या काळी ब्रिटिश फौजेत कृष्णवर्णीय माणसाला अधिकारी करायला नियमच आडवा होता, तरीही. २५ मार्च १९१८ रोजी फ्रान्समध्ये मारला गेला. दुसरा डोनाल्ड बेल, ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यूचा बचावपटू. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा व्यावसायिक फुटबॉलपटू. १० जुलै १९१६ रोजी पडला.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडची लीग सप्टेंबर १९३९ मध्ये तीन सामन्यांनंतर थांबली आणि ऑगस्ट १९४६ मध्ये सुरू झाली. मधली सात वर्षं म्हणजे एका खेळाडूचं जवळपास सगळं तारुण्य. टॉम फिनी १९४२ मध्ये भरती झाला, इजिप्तमार्गे इटलीत गेला आणि तिथे रणगाडा चालवत होता. प्रेस्टनकडून लीगमधला त्याचा पहिला सामना १९४६ चा, वयाच्या चोविसाव्या वर्षी. बॉब पेस्लीने लिव्हरपूलशी करार केला मे १९३९ मध्ये, आणि अधिकृत सामन्यात उतरला जानेवारी १९४६ मध्ये. मधला काळ तोफखान्यात, उत्तर आफ्रिका आणि इटलीत. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने तीन युरोपियन कप जिंकले, तेव्हा खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही रकान्यांत बसतो.

बर्ट ट्राउटमान विरुद्ध बाजूचा, जर्मन छत्रीधारी सैनिक. पहिल्या श्रेणीचा आयर्न क्रॉस मिळालेला. पकडला गेला आणि लँकेशायरमधल्या युद्धकैदी छावणीत आला. तिथल्या सामन्यांत तो मैदानात खेळायचा. एकदा दुखापत झाली म्हणून गोलरक्षकाबरोबर जागा बदलली आणि तिथेच राहिला. वर गोलीभाऊंनी थंगराजचं सांगितलं तसंच. १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं तेव्हा शहरात मोर्चे निघाले. १९५६ च्या एफए कप अंतिम सामन्यात, सतराएक मिनिटं उरली असताना मान मोडली आणि तो तसाच खेळला. मणका मोडल्याचं काही दिवसांनी एक्स-रेत कळलं. पोरांना मात्र खाली ठळक लिहा: असं करायचं नसतं. मानेला मार लागला की खेळाडूला हलवायचंही नाही.

फ्रिट्झ वॉल्टर, १९५४ च्या विश्वविजेत्या पश्चिम जर्मनीचा कप्तान. १९४२ पासून फौजेत. युद्ध संपताना कैदी होऊन रुमानियातल्या सिगेटच्या छावणीत पोचला, तिथून कैदी सोव्हिएत रशियात जात होते. पहारेकऱ्यांच्या खेळात चेंडू हाताळताना एकाने ओळखलं आणि रशियाला जाणाऱ्या यादीतून त्याचं नाव वगळलं गेलं.

प्रशिक्षकांत मॅट बस्बी घ्याच. फौजेच्या शारीरिक प्रशिक्षण कोअरमध्ये तो निदेशक होता. १९४५ मध्ये इटलीतल्या बारीला त्याने जिमी मर्फीला जवानांसमोर बोलताना ऐकलं आणि तिथेच सहायक म्हणून मँचेस्टर युनायटेडला येण्याचं निमंत्रण दिलं. क्लबाचं मैदान मार्च १९४१ च्या बाँबफेकीत मोडलेलं होतं. १९४९ पर्यंत त्यांनी शेजारच्या सिटीच्या मैदानावर सामने खेळले. दुसरा फ्रँक बकली. फुटबॉलर्स बटालियनमध्ये सर्वांत आधी नाव दिलेल्यांपैकी, मेजर झाला, आणि पुढे वुल्व्ह्जचा व्यवस्थापक म्हणून जन्मभर 'मेजर बकली' हेच नाव चाललं.

सक्तीच्या मुदतीत पेले. विश्वचषक जिंकून आल्यावर ब्राझीलच्या फौजेत साधा शिपाई म्हणून नोकरी आणि लष्करी संघाकडून सामने. फ्रान्सचा प्लाटिनी जॉइनव्हिलच्या बटालियनमध्ये होता. ती मुळात खेळाडूंसाठीच होती. सक्तीची भरती गेली आणि २००२ मध्ये ती बंद झाली.

सोनची गोष्ट जरा सविस्तर, कारण सर्वांत जास्त चुकीची फिरते. दक्षिण कोरियात प्रत्येक तरुणाला सुमारे दीड वर्ष फौजेत जावं लागतं. ऑलिंपिकचं कोणतंही पदक किंवा आशियाई स्पर्धेचं सुवर्ण मिळालं तर खेळाडूला सूट. सोनच्या संघाने २०१८ मध्ये जपानला जादा वेळेत २-१ हरवलं, म्हणून सूट. पण सूट म्हणजे पूर्ण माफी नव्हे: २०२० मध्ये जेजू बेटावर मरीनच्या तळावर तीन आठवड्यांचं मूलभूत प्रशिक्षण, शिवाय ५४४ तासांची समाजसेवा. म्हणून 'सोन फौजेत गेला' हेही अर्धवट आणि 'सोन सुटला' हेही अर्धवट.

ज्यांना पदक नाही त्यांच्यासाठी तिथे सांगमू नावाचा फौजेचा संघ आहे, सध्या गिमचॉनचा. चांगले खेळाडू निवडचाचणीतून त्यात जातात, लीग खेळतात आणि मुदत संपली की मूळ क्लबात परत. प्रशिक्षकाची पंचाईत अशी की ऐन हंगामात एक तुकडी घरी जाते, दुसरी येते, आणि परदेशी खेळाडू घेता येत नाही. तरी २०२४ मध्ये हा संघ पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये तिसरा आला.

आता पुश्काश. बुडापेस्टचा किश्पेश्त क्लब १९४९ मध्ये सरकारने फौजेकडे दिला आणि नाव झालं होन्वेद. मग भरतीच्या हुकमाने चांगले खेळाडू तिथे गोळा केले: कोचिश, चिबोर, ग्रोशिच. सगळ्यांना हुद्दे. पुश्काशचा हुद्दा वाढत मेजरपर्यंत गेला, म्हणून 'गॅलपिंग मेजर'. पगाराच्या पत्रकावर सैनिक, काम फुटबॉलचं. याच संघाच्या जिवावर हंगेरीने २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ हरवलं. पूर्व युरोपात हा रिवाजच होता: प्रागचा डुक्ला, बुखारेस्टचा स्टेआउआ, मॉस्को आणि सोफियाचे सीएसकेए, वॉर्साचा लेगिया. विशीतला एखादा पोरगा चमकला की त्याला भरतीचा कागद यायचा आणि तो फौजेच्या क्लबात दिसायचा. पोलंडचा डेना असाच लेगियात आला. माझ्या मते पुश्काशला फलकावर घेऊ नये, किंवा घेतलाच तर 'हुद्द्याने मेजर' एवढंच लिहावं.

---

नाना_भुसावळ

आर्सेनलचं मी सांगतो. १८८६ मध्ये वूलिचच्या शस्त्र कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला संघ तो. म्हणजे आपल्या भुसावळ-वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या लोकांनी संध्याकाळी पाळी सुटल्यावर संघ काढला तर जसा होईल तसा. छातीवर तोफ आहे म्हणून कोणी तोफखान्यात गेलं नव्हतं. काटा.

---

पांझराकाठ

बीएसएफ मात्र इतक्या सहज काटू नका. बीएसएफ गृहमंत्रालयाखाली, फौज संरक्षण मंत्रालयाखाली, हे खरं. पण बीएसएफने ड्युरँड सात वेळा जिंकला आहे, फौजेच्या कुठल्याही एका संघापेक्षा जास्त. सीमेवर बंदूक घेऊन उभा राहणारा जवान 'फौजी' नाही असं आपल्या गावात सांगून बघा.

अर्धी पलटण, अर्धे पोलीस हा घोळ खानदेशाला नवा नाही. १८२५ मध्ये आउटरम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल कोअर उभी केली, तीही पुढे पोलिसांतच गेली.

---

तापीकाठचा_गोली

पांझराभाऊ, मुद्दा मान्य. खालच्या पट्टीत 'निमलष्करी दले' असा वेगळा रकाना करा आणि बीएसएफ तिथे ठेवा. पोलीस संघ मात्र त्यात नको, नाहीतर विजयन आणि सत्यन यांची केरळ पोलिसांची अख्खी पिढी आत येईल आणि फलक पुरायचा नाही.

---

मैदान_आणि_कागद

पालकांच्या प्रश्नाचं उत्तर. सर, पोरं आठवी-नववीची म्हणालात, तर आधी जन्मतारखा काढा, कारण पहिलं दार वयानेच बंद होतं.

बॉईज स्पोर्ट्स कंपनी: रेजिमेंटल सेंटरमध्ये मुलांना ठेवून शाळा आणि खेळ दोन्ही शिकवतात. वय साधारण ८ ते १४. सतरा वर्षं सहा महिने पूर्ण झाली की भरती. प्रत्येक कंपनीचे खेळ ठरलेले असतात आणि फुटबॉल सगळीकडे नसतो. कुस्ती किंवा रोइंगच्या कंपनीत फुटबॉलचा पोरगा नेऊन प्रवासाचे पैसे घालवू नका. जाहिरातीत खेळाचं नाव, जन्मतारखेची मर्यादा आणि उंची-वजनाचा तक्ता पाहूनच निघायचं. चौदा पूर्ण झालेल्यांनी हा विचार सोडून द्यावा.

सुब्रतो कप: हवाईदल भरवतं, १९६० पासून, एअर मार्शल सुब्रतो मुखर्जींच्या नावाने. नोंदणी शाळेची होते, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून. जिल्हा, मग नाशिक विभाग (आपले तिन्ही जिल्हे त्यातच), मग राज्य, मग राष्ट्रीय फेरी. शाळा सुरू झाल्या झाल्या नोंदणीची तारीख विचारून ठेवा. दरवर्षी पाच-सहा शाळा तारखेनंतर जागी होतात. इथे जिंकलं म्हणून नोकरी मिळत नाही, पण राज्यापर्यंत गेलं तर पुढे दाखवायला कागद मिळतो.

थेट हवालदार किंवा नायब सुभेदार: ही खेळाडूंसाठीची वेगळी भरती आहे. ज्यांनी राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कामगिरी केली त्यांच्यासाठी, आणि प्रमाणपत्र ताजं लागतं. दोन वर्षांपूर्वीचा कागद चालत नाही. खानदेशातून इथवर जायला आधी राज्याच्या संघात नाव यायला हवं.

राहिला अग्निवीर. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान. चार वर्षांची मुदत, आणि त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम. हे पालकांना पहिल्या वाक्यात सांगा, शेवटच्या नको.

मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर धाव ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत केली की पूर्ण गुण. १० पुलअप्सना पूर्ण गुण. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग तोल हे नुसते पास व्हायचे. हिशेब असा: ४०० मीटरचा एक फेरा ८२ सेकंदांत. आपल्या शाळांची मैदानं २०० मीटरची, म्हणून आठ फेरे, प्रत्येकी ४१ सेकंद. फुटबॉलची पोरं पहिला फेरा ३४-३५ मध्ये मारतात, सामन्यातली सवय. दहा-वीस मीटर जोरात आणि मग चालणं, अशी त्यांच्या पायांची घडण. पाचव्या फेऱ्यात पोटऱ्या भरतात आणि आठवा ५० ला जातो. उपाय: आठवड्यातून दोनदा ४०० मीटरच्या सहा धावा, प्रत्येकी ८० सेकंदांत, मध्ये दीड मिनिट विश्रांती. सहाही धावा एकाच वेळेत आल्या पाहिजेत. पहिली ७४ आणि शेवटची ९० आली तर सराव फुकट गेला समजा.

पुलअप्समध्ये तर फुटबॉलवाले हमखास मार खातात, कारण वर्षभर कमरेच्या वर कोणी लक्षच देत नाही. चार निघत असतील तर चार-चार मारत बसू नका. दोन-दोनच्या सहा फेऱ्या, दिवसाआड. हनुवटी दांडीच्या वर, खाली हात पूर्ण सरळ. अर्धा मारलेला मोजत नाहीत.

जमिनीचं सांगतो. काळ्या मातीच्या मैदानाला मेमध्ये भेगा पडतात, त्यात घोटा मुरगळतो. पाऊस झाला की तीच माती बुटाला चिकटून दोन किलोचा पाय होतो. मुरमाच्या मैदानावर मोठ्या स्टडचे बूट घालून रोज धावलं तर नडगी दुखायला लागते आणि पोरं 'पाय भरून आला' म्हणून तेल चोळत बसतात. धावण्यासाठी साधे सपाट बूट, स्टड फक्त गवतावर. उन्हाळ्यात जळगावचा पारा पंचेचाळिसाला जातो, तेव्हा सकाळी साडेसहाच्या आत मैदान सोडलेलं बरं.

वैद्यकीय तपासणी आधी घरच्या घरी करा. ओला पाय फरशीवर ठेवा, तळव्याच्या मधली कमान उमटली नाही पाहिजे. पूर्ण तळवा उमटला तर सपाट पाय. गुडघे जुळवून उभं केल्यावर टाचा एकमेकांना टेकत नसतील तर डॉक्टरांना दाखवा. कानातला मळ काढून जा, त्यासाठी उगाच 'तात्पुरते अपात्र' होऊन परत फेरी पडते. गोंदणाचं विशेष: कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागे चालतं, इतरत्र अडचण. आपल्याकडच्या भिल्ल-पावरा पोरांच्या अंगावर परंपरेचं गोंदण असतं; आदिवासी जमातींना त्यात आणि उंचीत सवलत आहे, पण जमातीचा दाखला बरोबर हवा. जत्रेत हौसेने काढलेला टॅटू मात्र परंपरेत मोडत नाही. बाकी महाराष्ट्रासाठी उंची १६८ सेंटीमीटर, छाती ७७ आणि फुगवून ५ जास्त.

आणि कागद. यात सर्वांत जास्त पोरं गळतात. गावोगावच्या 'चषक' स्पर्धांची प्रमाणपत्रं, कितीही मोठी चौकट असली तरी, भरतीत शून्य. चालतात ती शालेय क्रीडा स्पर्धांची, विद्यापीठाची आणि मान्यताप्राप्त संघटनेची. महाराष्ट्रात फुटबॉलची संघटना म्हणजे विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन). जिल्हा संघटना तिच्याशी जोडलेली आहे का ते आधी विचारा. राष्ट्रीय महासंघाच्या संगणक नोंदणीत खेळाडूचा क्रमांक असेल तर पुढची पडताळणी सोपी जाते. नावाचा क्रम बघा: दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि खेळाच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नावच नाही, असं तिन्हीकडे तीन प्रकारचं असतं. आठवीतच दुरुस्त करून घेतलं तर एक अर्ज लागतो. बारावीनंतर प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि तालुक्याच्या चकरा.

---

अमळनेर_पीटी

मंडळी, तुम्हले दंडवत. बारा नावं अशी लावतोय: थंगराज, श्याम थापा, अमर बहादूर, टल, बेल, फिनी, पेस्ली, ट्राउटमान, वॉल्टर, प्रशिक्षक बस्बी आणि बकली, सक्तीच्या मुदतीत पेले. सोन आणि सांगमू मिळून खाली एक चौकट. पुश्काश 'हुद्द्याने मेजर' असा त्याच चौकटीत. बीएसएफ निमलष्करी पट्टीत. आर्सेनल काटलं, छेत्री काटला (पोरं नाराज होतील).

दोन शंका. पेलेच्या खाली '१९५८, विश्वचषक आणि फौज' असं लिहिलंय, चालेल? आणि आमच्याकडे पुलअप्सचा दांडा नाही, कडुलिंबाची फांदी आहे.

---

सेंटरहाफ_५

पेलेचं तोडून लिहा. विश्वचषक १९५८, वर्दी १९५९. विश्वविजेता होऊन आल्यावरही त्याला झाडू मारायला आणि परेडला उभं राहावं लागलं, ही गंमत एका वर्षात कोंबली की जाते. आणि टलच्या खाली 'पहिला कृष्णवर्णीय अधिकारी' लिहू नका, 'पहिल्या काहींपैकी' लिहा. त्याच्या आधीचीही एखाद-दोन नावं संशोधकांनी काढली आहेत.

---

मैदान_आणि_कागद

फांदी नको सर. जाड असते, मूठ पूर्ण बसत नाही, आणि पोरं मनगटावर ताण घेऊन झोका मारायला शिकतात. तोच झोका मैदानावर मोजत नाहीत. दीड इंची जीआय पाइप, सहा फूट लांब, दोन खांबांना यू-क्लॅम्पने आवळा. उंची आठ फूट ठेवा म्हणजे लटकल्यावर पाय टेकणार नाहीत. खांब दोन फूट खोल आणि बुडाला काँक्रीट. काळ्या मातीत नुसता पुरलेला खांब पहिल्या पावसात तिरका होतो.